भुसावळच्या मुरमावर ड्रिलोचं फुटबॉल: आठ आठवड्यांचा वर्ग घ्यावा का?

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. मुलाला बचाव शिकायचा असेल तर या वर्गाचे पैसे पुरेपूर वसूल होतात. लांब पास शिकायचा असेल तर निम्मंच पदरात पडतं. आणि मुलगा चौदाच्या आतला असेल तर हेडरच्या, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याच्या, सत्रांबद्दल वर्गचालकांशी आधी नीट बोलून घ्या, मगच फी भरा.

वर्ग भुसावळात चालतो, एका शाळेच्या मुरमाड मैदानावर. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते सात, आणि रविवारी सकाळी सात वाजता सामना. आठ आठवड्यांत २४ सराव आणि ८ सामने होतात. फी २,४०० रुपये, म्हणजे एका हजेरीचे ७५ रुपये. त्यात बिब (संघ ओळखायला वरून घालायचं रंगीत बनियन) आणि एक शंभर पानी वही मिळते. बूट, शिनगार्ड, पाण्याची बाटली आपली आपण आणायची. तुकडीत २४ मुलं, वय १३ ते १७, प्रशिक्षक दोन, चेंडू १४. आपल्याकडच्या बहुतेक उन्हाळी शिबिरांत पन्नास पोरं आणि पाच चेंडू असतात, त्यामानाने हा हिशेब चांगला आहे.

जाहिरातीत लिहिलंय, ‘नॉर्वेच्या ड्रिलोची पद्धत’. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, आणि वर्ग सगळा त्यांच्याच पायावर उभा असल्याने ते कोण हे माहीत असलेलं बरं. ड्रिलो म्हणजे एगिल ओल्सेन. जन्म १९४२ चा, फ्रेड्रिकस्टाड गावचा. टोपणनाव पडलं ते ड्रिबलवरून. दोघातिघांना चकवत जाणारे खेळाडू म्हणून ते ओळखले जात, नॉर्वेकडून १६ सामने खेळले. पुढं ऑस्लोच्या क्रीडाशास्त्र महाविद्यालयात शिकवू लागले, सामन्यांच्या फिती लावून गोल नेमके कशातून होतात ते मोजू लागले. त्या मोजणीतून त्यांच्या हाती जे लागलं ते असं: समोरचा बचाव जागेवर बसलेला असेल तर वीस पास करूनही फार काही हाती लागत नाही, तो विस्कटलेला असताना मात्र दोन-तीन पासांत गोल होतो. म्हणून चेंडू हिसकावला की पहिली नजर पुढं. आणि आपला बचाव मात्र कधीच विस्कटू द्यायचा नाही.

१९९० च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेचा राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. पहिल्याच सामन्यात कॅमेरूनला ६-१ असं हरवलं. हा तोच कॅमेरून, जो चार महिन्यांपूर्वी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळला होता. १९३८ नंतर विश्वचषक न पाहिलेला नॉर्वे १९९४ ला आणि पुन्हा १९९८ ला पात्र ठरला. पात्रता फेरीत जून १९९३ मध्ये ऑस्लोत इंग्लंडला २-० हरवलं, आणि त्याच वर्षी फिफाच्या क्रमवारीत नॉर्वे जगात दुसरा होता. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती साधारण ४३ लाख. आपला एकटा जळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांचा आहे. हा आकडा वर्गाच्या पहिल्या दिवशी मुलांना सांगितला जातो आणि तो सांगायलाच हवा, कारण ‘आपल्याकडे खेळाडूच नाहीत’ हे रडगाणं तिथंच संपतं.

आता वर्गातला सगळ्यात भक्कम भाग: झोनचा बचाव.

आपल्याकडची पोरं उपजतच माणूस धरून खेळतात. समोरचा दहा नंबर पाणी प्यायला बाजूला गेला तरी आपला बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, त्याच्या मागं जातो आणि मधलं दार सताड उघडं राहतं. ओल्सेन यांच्या संघात चार बॅक आणि पुढचे पाच हाफ, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, माणसाच्या मागं पळत नसत, चेंडू सरकेल तशी सगळी फळी सरकत असे. वर्गात हे दोराने शिकवतात. आठ मीटरचे तीन सुती दोर, चार मुलं. दोर कमरेला बांधत नाहीत, हातात धरायला देतात, म्हणजे कुणी पडला तर सोडून देता येतो. समोर पन्नास मीटर रुंदीत चार रंगांचे कोन. प्रशिक्षक रंग पुकारतो, चेंडूवाला मुलगा त्या कोनाकडे जातो, आणि चौघांनी दोर न ताणता, न लोंबवता सरकायचं. दोर लोंबला म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगावर आले. ताणला म्हणजे मधून पास जाईल एवढी फट पडली. मुलाला हे शब्दांत सांगावं लागत नाही, ते त्याच्या हाताला कळतं.

चेंडू मधोमध असताना चौघं जवळजवळ एका रेषेत. चेंडू डाव्या कडेला गेला की डावा बॅक पुढं जाऊन अंगावर जातो, त्याच्या शेजारचा पाच-सहा मीटर तिरका मागं, तिसरा त्याच्या रेषेत, आणि चौथा, म्हणजे उजवा बॅक, लांबच्या गोलखांबाच्या समोर येऊन थांबतो. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. उजव्या बॅकला वाटतं, आपल्या वाट्याचा विंगर, म्हणजे समोरच्या संघाचा कडेचा खेळाडू, तिकडं मोकळा आहे, त्याच्याकडे जायला हवं. त्याला तिथंच राहू द्यायचं. चेंडू त्याच्यापर्यंत हवेतून यायला दोन सेकंद तरी लागतात, तेवढ्यात आठ-दहा मीटर सरकता येतं. पण मधला रस्ता उघडा पडला तर पास अर्ध्या सेकंदात गोलसमोर पोचतो. प्रशिक्षक हे प्रत्येक वेळी खेळ थांबवून, मुलाला त्याच्या जागेवर उभं करून दाखवतात. ओरडून सांगत नाहीत. हे फार मोलाचं आहे.

दुसरा नियम उंचीचा, म्हणजे फळी मैदानावर किती वर उभी राहायची त्याचा. समोर चेंडू असलेल्याच्या अंगावर आपला कुणी गेलेला असेल, त्याची मान खाली असेल, तर फळी वर सरकते. तो मोकळा असेल, मान वर करून बघत असेल, तर पाय उचलायच्या आत फळी मागं पळते. समोरच्याने चेंडू मागं दिला की पुन्हा वर. यासाठी दोनच हाका ठेवल्यात, ‘वर’ आणि ‘मागं’, आणि त्या फक्त मधल्या दोघांपैकी एकानेच द्यायच्या. चौघं चार हाका देऊ लागले की कुणीतरी मागं राहतो आणि ऑफसाइडची रेषा मोडते, म्हणजे समोरच्याला फळीच्या पाठीमागं उभं राहायची मुभा मिळते.

दोराचा सराव बारा-बारा मिनिटांचे दोन भाग, पहिले तीन आठवडे. मग दोर काढतात. खरं तर तो दुसऱ्याच आठवड्याच्या शेवटी काढावा. तिसऱ्या आठवड्यात मुलं चेंडूकडे बघायचं सोडून दोराकडे बघायला लागतात, आणि दोर गेल्यावर पहिले दोन-तीन सराव पुन्हा चाचपडण्यात जातात. दोन दिवस दोर, तिसरा दिवस बिनदोर, असं आलटून पालटून केलं तर सवय नीट बसेल.

वही हे या वर्गाचं दुसरं बलस्थान. प्रत्येक सामन्यात जी मुलं बाहेर बसतात त्यांच्या हातात वही आणि पेन्सिल. मैदानाचे आडवे तीन हिस्से कल्पायचे आणि प्रत्येक वेळी आपण चेंडू मिळवला की चार रकाने भरायचे: कुठल्या हिश्शात मिळाला, समोरची फळी बसलेली होती की विस्कटलेली, पुढं किती पास झाले, शेवट कशात झाला. दहा मिनिटांनी वही दुसऱ्याकडे. चौथ्या रविवारपर्यंत मुलांना आपोआप दिसायला लागतं की पुढच्या हिश्शात हिसकावलेल्या चेंडूंतून संधी जास्त निघतात. ओल्सेन यांनी हेच काम फितींवर, कितीतरी पटींनी मोठ्या प्रमाणावर केलं. भुसावळच्या मैदानावर फित नाही, पण पेन्सिल चालते.

यात एक गळती आहे. ‘संधी’ कशाला म्हणायचं हे वहीत कुठंच लिहिलेलं नाही. त्यामुळे एक मुलगा तीस मीटरवरून आकाशात मारलेला फटकाही संधी म्हणून मांडतो आणि दुसरा गोलीसमोरून बाहेर गेलेला हेडरही सोडून देतो. मग दोन रविवारांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. साधी व्याख्या करावी: १६.५ मीटरच्या मोठ्या चौकटीच्या आतून, मारणारा आणि गोल यांच्यामध्ये गोलीशिवाय कुणी नसताना मारलेला फटका किंवा हेडर. पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवलं तर वही खरी कामाची होईल.

आता लांब पास. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘फ्लो पास’ आहे आणि मुलं त्यासाठीच येतात.

फ्लो पास नेमका काय होता? योस्टाइन फ्लो हा उंचापुरा आघाडीपटू. ओल्सेन यांनी त्याला मधे न ठेवता उजव्या कडेला उभं केलं. तिथं त्याच्यासमोर येतो विरोधी संघाचा डावा बॅक, जो बहुधा चपळ पण बुटका असतो. नॉर्वेचा डावा बॅक स्टिग इंगे ब्योर्नेबी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून तिरका लांब चेंडू टाकायचा. फ्लो तो डोक्याने आत, मधल्या पट्ट्यात उतरवायचा. आणि तिथं हाफ आधीच धावत सुटलेले असायचे. पासची ताकद डोक्यात नव्हती, त्या धावण्यात होती. फ्लोने हेडर जिंकला तर ठीकच. नाही जिंकला तरी बुटक्या बॅकने कसाबसा काढलेला चेंडू पडायचा नॉर्वेच्याच हाफच्या पायाशी.

वर्गात मात्र पास शिकवला जातो आणि धावणं वाऱ्यावर सोडलं जातं. चाळीस-पंचेचाळीस मीटरचा तिरका चेंडू, एका कोनाकडून दुसऱ्या कोनाकडे, एकामागून एक. मधे ना हाफ, ना विरोधी बॅक. सहाव्या आठवड्यात हे सामन्यात आणलं जातं तेव्हा चेंडू छान पोचतो, उंच मुलगा छान हेडर करतो आणि आत कुणीच नसतं. समोरचा संघ तो उचलून उलट पळत सुटतो. हा दोष मुलांचा नाही. पहिल्या दिवसापासून तीन हाफ त्या सरावात हवेत: एक हेडरच्या जागेपासून आठ-दहा मीटर आत, दुसरा त्याच्या मागं पाच मीटरवर निसटलेल्या चेंडूसाठी, तिसरा थेट फळीच्या पाठीमागं. आणि धाव सुटायची ती बॅकचा पाय चेंडूला लागण्याच्या क्षणाला, हेडर झाल्यावर नाही.

अंतराचंही तेच. सोळा-सतरा वर्षांची मुलं पंचेचाळीस मीटर गाठतात, तेरा वर्षांच्यांचा चेंडू पंचवीस-तीसवर, म्हणजे बरोबर मैदानाच्या मधोमध पडतो. ती सगळ्यात धोक्याची जागा. लहानांसाठी मैदान साठ बाय पंचेचाळीस करावं आणि तिरका पास अठ्ठावीस-तीस मीटरचा ठेवावा.

लाथ मारण्याचं तंत्र मात्र प्रशिक्षक नीट घेतात, हे कबूल करायला हवं. चेंडू स्वतःपासून दीड पाऊल तिरका पुढं ढकलायचा. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर आणि किंचित मागं. घोटा ताठ, मार बुटाच्या नाड्यांच्या आतल्या कडेने, चेंडूच्या मध्यबिंदूच्या खाली. टेकलेला पाय चेंडूच्या पुढं गेला तर चेंडू जमिनीलगत सरपटतो. अंग फार मागं झुकलं तर नुसता वर जातो. चेंडू वळून कडेबाहेर जात असेल तर मार फार बाजूने लागतोय. प्रत्येक मुलाला त्याची चूक नावानिशी सांगितली जाते आणि पुढच्या सरावाला ती आठवणीने तपासली जाते.

मैदान आणि वारा या दोन गोष्टी मात्र नॉर्वेच्या कागदात नाहीत आणि वर्गाने त्या स्वतः लिहून काढायला हव्या होत्या. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. हे मैदान पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे एका अर्ध्यात तिरका पास वाऱ्यासोबत पाच-सात मीटर लांब जातो, दुसऱ्या अर्ध्यात हवेतच थबकतो. वाऱ्यासमोर खेळताना उंच पास बंद करून कंबरेच्या उंचीचा टाकायला शिकवायला हवं. शिवाय कोरड्या मुरमावर चेंडूचा पहिला टप्पा डोक्यावरून जातो. हिरवळीवर जिथं हेडरनंतर सुटलेला चेंडू पडतो, त्याच्या तीन-चार मीटर पुढं तो इथं पडतो. हाफने त्या हिशेबाने उभं राहायला हवं. पावसाळ्यानंतर काळ्या मातीच्या मैदानावर नेमकं उलटं, चेंडू पडतो तिथंच बसतो. ओल्सेन सामन्याला मैदानाच्या कडेला रबरी गमबूट घालून उभे राहायचे, ते आपल्या काळ्या मातीत आषाढात अगदी शोभले असते.

चेंडूंबद्दल. इथं पाच नंबरचे रबरी मोल्डेड चेंडू वापरतात, आणि मुरमासाठी तेच योग्य. हाताने शिवलेला महागडा चेंडू दोन महिन्यांत सोलपटतो, आधी टाके उसवतात, मग वरचं कातडं फाटतं. पण हवा भरण्यात ढिलाई आहे. नियमाप्रमाणे चेंडूत ८.५ ते १५.६ पीएसआय हवा चालते. कडक मैदानावर आणि मुलांसाठी ती खालच्या टोकाला, ८.५ ते ९ च्या दरम्यान हवी. वर्गात पंप आहे, दाब मोजायचं मीटर नाही, अंगठ्याने दाबून बघतात. सकाळी २५ अंशांना ९ वर भरलेला चेंडू दुपारी उन्हात तापून ५० अंशांवर गेला की दाब साधारण ११ होतो. तसाच चेंडू डोक्यावर घेतला की मुलगा पुढच्या वेळी डोळे मिटून मान काढून घेतो, आणि मग त्याला हेडर शिकवणं कठीण जातं. पंपाला लावायचं छोटं मीटर महाग नसतं. चौदा चेंडूंचा दाब तपासायला दहा मिनिटं पुरतात. आणि चौदाच्या आतल्यांना चार नंबरचा चेंडू द्यावा, ३५० ते ३९० ग्रॅमचा. पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅम असतो.

हेडरचा मुद्दा इथं सगळ्यात गंभीर. शुक्रवारच्या सत्रात एकेका मुलाला सलग तीस-चाळीस लांब चेंडू डोक्यावर घ्यायला लावतात, वय न बघता. हे थांबायला हवं. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांचे हेडर बंद केले आणि त्यापुढच्या लहान गटाच्या सरावावर मर्यादा घातली. इंग्लंडच्या संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावातले हेडर थांबवले. तेरा-चौदा वर्षांच्यांना हेडरचं तंत्र शिकवायचं तर हाताने तीन-चार मीटरवरून टाकलेला हलका चेंडू, आठवड्यातून एकदा, दहा वेळा. तेवढं पुरतं. लांब तिरका चेंडू त्यांनी छातीवर घेऊन आत वळवावा. फ्लो पासचा हेतू त्यानेही साधतो.

आता एक बाब जी पालकांच्या लक्षात येणार नाही. वर्गात ड्रिबल जवळजवळ बंद आहे. आपल्या अर्ध्यात चेंडू पायात ठेवून कुणाला चकवलं की शिट्टी, आणि दहा उठाबशा. प्रशिक्षकांचं म्हणणं, ड्रिलोच्या पद्धतीत हे बसत नाही. आपल्या अर्ध्यापुरतं ते बरोबर आहे. पण पुढच्या हिश्शात, एकास एक असताना चकवणं हा बचाव विस्कटवण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे, आणि ज्यांना ड्रिबलमुळेच नाव पडलं त्या माणसाच्या पद्धतीच्या नावाखाली ते पोरांकडून काढून घेणं चूक आहे. १९९८ च्या विश्वचषकात मार्सेलला ब्राझीलविरुद्ध नॉर्वे एका गोलने मागं होता. बरोबरीचा गोल टोरे आंद्रे फ्लोने (योस्टाइनचा धाकटा भाऊ) केला तो डाव्या बाजूने आत येत, समोरच्या बचावपटूला चकवून. मग शेवटच्या मिनिटांत शेटिल रेकडालची पेनल्टी, आणि नॉर्वे २-१. म्हणजे या पद्धतीच्या सगळ्यात मोठ्या विजयातही एक चकवा आहेच. मैदान तीन हिश्शांत आधीच वाटलेलं आहे. मागच्या हिश्शात शिट्टी, पुढच्यात पूर्ण मोकळीक, एवढा नियम केला की झालं.

आठ आठवड्यांत शाळेचा संघ तयार होईल, असंही सांगितलं जातं. तसं होणार नाही. स्वतः ओल्सेन १९९९ मध्ये इंग्लंडच्या विम्बल्डन क्लबला प्रशिक्षक म्हणून गेले. लांब पासासाठीच ओळखला जाणारा क्लब, पद्धत त्यांना साजेशी वाटत होती. पण झोनचा बचाव त्या खेळाडूंच्या अंगवळणी पडला नाही, हंगाम संपायच्या आत ओल्सेन यांना जावं लागलं आणि विम्बल्डन प्रीमियर लीगमधून खाली घसरला. व्यावसायिक खेळाडूंना जवळजवळ अख्खा हंगाम पुरला नाही, तिथं आठवड्याला साडेचार तासांच्या सरावात काय होणार? फळी नीट सरकायला लागते, वही लिहिता येते, लांब पास सुधारतो. संघ उभा राहायला पुढं शाळेत सहा महिने तेच चालू ठेवावं लागेल, आणि त्यासाठी शाळेच्या क्रीडाशिक्षकाने शेवटचे दोन आठवडे तरी येऊन बघावं. वर्गचालक त्याला फी आकारत नाहीत.

अभ्यासक्रम १९९८ पाशीच थांबतो, हीदेखील उणीव. त्या वर्षीच्या नॉर्वेच्या संघातला स्टोले सोलबाकेन आज राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आहे. त्याने कोपनहेगन क्लबला झोनची तीच शिस्त ठेवून २०१०-११ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, बाद फेरीत नेलं, तिथवर पोचलेला तो पहिला डॅनिश क्लब. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिलानमध्ये इटलीला ४-१ हरवून नॉर्वे २८ वर्षांनी विश्वचषकाला पात्र ठरला. आजचा नॉर्वे चेंडू जमिनीवरून खेळतो, मधल्या फळीतल्या ओडेगार्डच्या पायातून आघाडीच्या हालांडपर्यंत. बचावातली ओळ जुनी, पुढचा खेळ नवा. मुलांना हे दोन्ही दाखवलं पाहिजे.

सोलबाकेनचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यायचं. खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द संपली ती मार्च २००१ मध्ये, कोपनहेगनच्या सरावात. हृदय बंद पडून तो मैदानावरच कोसळला. क्लबच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथं छाती दाबायला सुरुवात केली म्हणून तो वाचला. पुढं पेसमेकर बसला आणि काही महिन्यांतच तो प्रशिक्षणाकडे वळला. भुसावळच्या या वर्गात प्रथमोपचाराच्या डब्यात थंड स्प्रे, पट्ट्या आणि आयोडिन आहे, पण छाती दाबणं दोघांपैकी एकाही प्रशिक्षकाला येत नाही. २४ मुलं, मार्च-एप्रिलची चाळीस अंशांपुढची हवा, आणि हे येत नाही, हे चालणार नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटीमीटर खोल, आणि दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन. एका दुपारचं प्रशिक्षण पुरतं. फी भरताना प्रत्येक पालकाने हे विचारावं. विचारणारे वाढले की ते होईलच.

पाण्याची सोय बरी आहे. दर वीस मिनिटांनी थांबतात, माठ आहे, तिसऱ्या विश्रांतीला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी देतात. बुटांबाबत मात्र सूचना पुरेशी स्पष्ट नाही. लांब खिळ्यांचे बूट मुरमावर घेऊ नका, ते रुतत नाहीत, टाच दुखते आणि घोटा मुरगळतो. आखूड, पुष्कळ रबरी खिळ्यांचे, टर्फवर (कृत्रिम गवतावर) चालतात तसे घ्या, अंगठ्यापुढं अर्धा सेंटीमीटर जागा ठेवून.

उन्हाळ्याची तुकडी घ्यायची तर फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होऊन एप्रिलच्या मध्यात संपणारीच घ्या. त्यापुढं भुसावळचं ऊन सात वाजेपर्यंत मैदानातून जात नाही. त्याहून चांगली ती पावसाळ्यानंतरची, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासूनची. हवा उतरलेली असते, मैदान बसलेलं असतं आणि वाराही पडलेला असतो. नाव देताना मुलगा डावखुरा असेल तर आवर्जून सांगा. तिरका पास डाव्या बॅककडून सुटतो, चोवीस मुलांत डाव्या पायाची दोन-तीनच निघतात, आणि तो पास रोज वीस-तीस वेळा टाकायला मिळणारी जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली असते.